मुंबईचा आवाज कोणी जपला?

आज बोलायचं आहे मुंबईच्या रेडिओबद्दल आणि टीव्हीबद्दल. विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांचे फोन आले. "सर, जुन्या आठवणी सांगणार ना?" माझ्याकडे आठवणी आहेत, नाही असं नाही. फळीवरचा रेडिओ, त्याच्यावर आईनं विणलेलं क्रोशाचं कापड, सुरू केल्यावर तो तापेपर्यंत वाट बघायची, हे सगळं आहे. पण ते तुमच्याकडेही आहे, आणि बहुधा माझ्यापेक्षा चांगलं आहे. आज मला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. ज्याला आपण मुंबईचा आवाज म्हणतो, त्यातलं आज प्रत्यक्ष ऐकता येईल, पाहता येईल, निदान वाचता येईल, असं उरलंय किती? आणि जे उरलंय ते कोणामुळे?

उत्तर जरा चमत्कारिक आहे. ज्यांनी कार्यक्रम केले त्यांच्या हातून फारसं जपलं गेलं नाही. जे उरलं त्यातलं बरंचसं भलत्याच लोकांमुळे उरलं, आणि त्यांच्या मनात जपण्याचा विचारही नव्हता. एका प्रसंगात तर चक्क पोलिसांमुळे. त्यावर येतोच. आधी थोडं मागे जाऊ.

मुंबईतल्या प्रक्षेपणाची सुरुवात सांगताना एक तारीख नेहमी सांगितली जाते, 23 जुलै 1927. त्या दिवशी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. कलकत्त्याचं केंद्र महिन्याभरानं, 26 ऑगस्टला. पण मुंबईत त्याच्या आधीही हवेत आवाज सोडले गेले होते. ऑगस्ट 1921 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने पोस्ट आणि तार खात्याच्या मदतीने मुंबईच्या आपल्या कचेरीतून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित केला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तशी इच्छा व्यक्त केली होती आणि ते पुण्याला बसून ऐकत होते. म्हणजे बघा, मुंबईचा पहिला श्रोता पुणेकर! निदान त्या दिवसापुरता. पुढे 1923 मध्ये हौशी मंडळींच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम सुरू केले. कुलाब्याला अपोलो बंदरावर आजही रेडिओ क्लब नावाचा क्लब आहे. नाव रेडिओच्या त्या काळच्या नादातून आलेलं. आता लोक तिथं जेवायला जातात, आणि नावात रेडिओ का, हे वेटरला विचारलं तर तो मेन्यूकार्ड पुढे करील.

1927 चं ते मुंबई केंद्र होतं दीड किलोवॅटचं. म्हणजे शहर आणि आसपासचा मुलूख. रेडिओ ठेवायला परवाना लागायचा, वर्षाला दहा रुपये. त्या काळी दहा रुपये म्हणजे चेष्टा नव्हती, आणि सेटची किंमत वेगळीच. सारा देश धरूनही परवाने आठ हजारांच्या आत राहिले. कंपनी चालणार कशी? 1 मार्च 1930 ला ती बुडीत निघाली आणि त्याच एप्रिलपासून सरकारनं कारभार हातात घेतला. 8 जून 1936 ला तिचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. 'आकाशवाणी' हे नाव मैसूरच्या एका खासगी केंद्राचं, तिथल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक गोपालस्वामींनी 1935 मध्ये सुरू केलेल्या. ते देशभर आलं ते 1950 च्या दशकात. पण मुंबईत अजूनही जुनी माणसं 'रेडिओ स्टेशन' म्हणतात, चर्चगेटचं.

या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतला आवाज आज कुठं आहे? बहुतेक कुठंच नाही. त्या वेळी कार्यक्रम थेट जायचे. गायक आला, माइकपुढे बसला, गायला, बिदागी घेऊन घरी गेला. ते गाणं हवेत गेलं आणि तिथंच संपलं. तबकडीवर मुद्रण करता येत असे, पण ते खर्चिक, आणि रोज कशाला करायचं?

मात्र तेव्हा काय वाजलं होतं हे कळतं. कसं? छापील कागदामुळे. कंपनीनं 1927 पासूनच 'इंडियन रेडिओ टाइम्स' नावाचं कार्यक्रमपत्रक काढलं होतं. डिसेंबर 1935 पासून त्याचं 'द इंडियन लिसनर' झालं. त्याचे पुष्कळ अंक आज इंटरनेटवर वाचता येतात. जरूर वाचा. मुंबई केंद्राची खूण 'व्हीयूबी', तिच्याखाली तारखेवार, वेळेवार यादी: सकाळी कोण गाणार, संध्याकाळी कोणत्या भाषेत भाषण, बातम्या केव्हा. या अंकांचा हेतू इतिहास लिहिण्याचा नव्हता. रात्री साडेआठला काय लागणार हे लोकांना कळावं आणि जाहिराती मिळाव्यात, एवढाच. आठवड्यानं रद्दीत जायच्या लायकीची ही वस्तू. आज शहराच्या रेडिओचा तोच पाया आहे. फक्त एक लक्षात ठेवायचं. छापलेलं म्हणजे झालेलं नव्हे. गायकाचा घसा बसला, वीज गेली, ऐनवेळी कार्यक्रम बदलला, हे त्या यादीत नसतं. ते असतं केंद्रातल्या ड्यूटी रूमच्या नोंदवहीत, आणि अशा नोंदवह्या जपायची आपल्याकडे पद्धत नाही.

आता पोलिसांकडे येतो.

ऑगस्ट 1942. गवालिया टँकवर ठराव झाला, नेते पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. मुंबईतल्या काही तरुणांनी ठरवलं की आपलं स्वतःचं रेडिओ केंद्र चालवायचं. त्यात उषा मेहता होत्या, वय बावीस. विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाखर होते, आणि शिकागो रेडिओचे नानक मोटवानी मदतीला होते. 27 ऑगस्ट 1942 ला चौपाटीजवळच्या एका इमारतीतून पहिलं प्रक्षेपण झालं. 42.34 मीटरवर. स्थळ सांगायचं नव्हतं, म्हणून निवेदनात एवढंच यायचं की आम्ही हिंदुस्थानात कुठूनतरी बोलतो आहोत. पोलिसांना सापडू नये म्हणून दर थोड्या दिवसांनी जागा बदलायची. चितगावचा बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, आपल्याकडे आष्टी आणि चिमूर इथं जे झालं ते, हे सगळं या केंद्रावरून लोकांना कळत होतं, सरकारी केंद्रावर अवाक्षर नसताना. 12 नोव्हेंबर 1942 ला गिरगावातल्या पारेखवाडीत कार्यक्रम चालू असताना धाड पडली. त्यांच्याच एका तंत्रज्ञानं खबर दिली होती. खटला झाला. बाबूभाईंना पाच वर्षं, उषाबेनना चार, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष शिक्षा झाली. दोघं सुटले.

उणेपुरे तीन महिने चाललेलं केंद्र. बेकायदेशीर, जागा बदलत फिरणारं, मागे कागद ठेवणं धोक्याचं असलेलं. नियमानं पाहिलं तर त्याचा मागमूसही राहायला नको. पण या केंद्रावरून काय बोललं गेलं ते आज तुम्ही पानंच्या पानं वाचू शकता. कारण ते ऐकणारा एक अत्यंत इमानदार श्रोता होता: पोलीस खातं. पाळतीवरचे लोक कार्यक्रम ऐकून उतरवून घेत होते, कारण खटल्यात पुरावा लागणार होता. ते कागद सरकारी दप्तरात गेले आणि दप्तराची जी सवय असते त्याप्रमाणे तिथंच राहिले. उषा ठक्कर यांनी काँग्रेस रेडिओवर 2021 मध्ये इंग्रजीत जे पुस्तक लिहिलं, ते या असल्या कागदांवर उभं आहे.

आता दुसरी बाजू बघा. त्याच तीन महिन्यांत, त्याच शहरात सरकारचं अधिकृत केंद्र रोज तासन्‌तास बोलत होतं. स्टुडिओ होता, पगारी माणसं होती, कायदा पाठीशी होता. काँग्रेस रेडिओवाले त्याला 'अँटी इंडिया रेडिओ' म्हणायचे ते सोडून द्या. त्या केंद्रावरच्या सप्टेंबर 1942 च्या एखाद्या मराठी भाषणातलं एक वाक्य शोधून दाखवा म्हटलं तर किती धावपळ करावी लागेल! कायदेशीर केंद्राचं बोलणं हवेत गेलं आणि बेकायदेशीर केंद्राचं कागदावर राहिलं. ज्यांना ते बंद पाडायचं होतं त्यांनीच ते जपलं. अर्थात ते पोलिसाच्या कानातून आलेलं आहे हे विसरायचं नाही. न कळलेला शब्द त्यानं गाळला असेल, आवाजातला आवेश त्याला टिपता येणारच नव्हता. तरी जे आहे ते आहे.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, तेव्हा एक आडवळण घेतो. आपल्याकडे शब्दावर मोठा वाद झालेला आहे. नैयायिक म्हणतात, शब्द हा आकाशाचा गुण आहे आणि तो अनित्य आहे. उत्पन्न होतो आणि लगेच नष्ट होतो. मीमांसक म्हणतात, छे, शब्द नित्य आहे. उच्चारणं म्हणजे जे आहेच ते प्रकट करणं. आमच्या वर्गात हा वाद शिकवताना मुलं जांभया द्यायची. तेव्हा मला सुचलं असतं तर मी म्हटलं असतं की 'आकाशवाणी' हे नाव मोठं शास्त्रशुद्ध आहे, आणि तिच्या कपाटांचा कारभार तंतोतंत न्यायमताप्रमाणे चालला आहे. श्रोते मात्र सगळे मीमांसक. त्यांना वाटतं, एकदा ऐकलेलं कुठंतरी असणारच. "अहो, रेडिओ स्टेशनात असेल ना!" नसतं, मंडळी. बहुतेक वेळा नसतं.

का नसतं? आळस हे एकच कारण नाही, हे मला न्यायानं सांगायला हवं. चुंबकीय फीत आली आणि मुद्रण सोपं झालं खरं, पण फीत बाहेरून यायची, परकीय चलन लागायचं. महाग वस्तू. आणि तिचा मोठा गुण असा मानला जायचा की ती पुसून पुन्हा वापरता येते. आज श्रुतिका, पुढच्या आठवड्यात त्याच स्पूलवर शेतीविषयक मुलाखत. ज्याच्या ताब्यात स्पूल होते त्याला हिशेब द्यावा लागायचा तो किती नव्या फिती मागवल्या याचा. किती आवाज पुसले याचा हिशेब कोणी मागत नव्हतं. 'संग्रही ठेवावे' असा शेरा पडायचा तो मोठ्या माणसांवर. पंतप्रधानांचं भाषण, नावाजलेल्या गवयाची मैफल. त्यातलं पुष्कळ राहिलं, आणि चांगलं राहिलं, ते नाकारू नये. आकाशवाणीच्या संग्रहातून निघालेल्या शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका आपण ऐकतोच. पण शहर म्हणजे फक्त मोठी माणसं नव्हेत.

'कामगारसभा' घ्या. संध्याकाळी लागायची. गिरणगावात पाळी सुटून माणसं घरी यायची आणि चाळीत एका खोलीतला रेडिओ सगळ्या मजल्याला ऐकू जायचा. तो कार्यक्रम गिरणी कामगारांसाठी होता. आज त्या गिरण्या नाहीत. लोअर परळला काचेच्या इमारती आहेत. त्या कामगारांच्या बोलीत, त्यांच्या आवाजात जे मुद्रित झालं असेल, ते या शहरासाठी एखाद्या राग-मैफलीपेक्षा कमी मोलाचं आहे का? मला वाटतं, जास्त. कारण मैफली इतरत्रही मुद्रित झाल्या.

'वनिता मंडळ' घ्या, 'गंमत जंमत' घ्या. आणि 'पुन्हा प्रपंच' तर घ्यायलाच हवं. प्रभाकरपंत म्हणजे बाळ कुडतरकर, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, आणि टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी. तीन माणसं आणि एक माइक. रेशन, पाहुणे, महागाई, शेजारी. लोक टेकाडे भावजींना खरा माणूस समजायचे. मध्यमवर्गीय मराठी मुंबई कशी बोलायची, कोणत्या गोष्टीला हसायची, घरात नवरा बायकोला काय म्हणून हाक मारायचा, हे समाजशास्त्राच्या दहा प्रबंधांत मिळणार नाही ते या संवादांत होतं.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या घरी 1970 च्या दशकाच्या अखेरीला कॅसेट रेकॉर्डर आला. आईनं तो रेडिओसमोर ठेवून 'पुन्हा प्रपंच'चे काही भाग भरून घेतले होते. एका कॅसेटमध्ये मध्येच कुकरची शिटी होती, आणि माझ्या धाकट्या बहिणीला "गप गं" म्हणणारा आईचा आवाज होता. तीन-चार वर्षांनी मला एका व्याख्यानाची तयारी करायची होती, कांटवर. स्वतःचं बोलणं ऐकून बघावं म्हणून मी हाताला लागली ती कॅसेट घातली. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे असतात, आठवतंय? ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. आईनं ते मोडले नव्हते. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आईनं भरलेलं गेलं आणि त्या जागी कांट आला. आई काही बोलली नाही. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. कांटवरचं ते व्याख्यान अत्यंत सुमार आहे.

तेव्हा मी जेव्हा म्हणतो की केंद्रांनी फिती पुसल्या, तेव्हा मी उंचावर उभा राहून बोलत नाही. फीत पुसणाऱ्याला त्या क्षणी नेहमी असंच वाटत असतं की नवं काम जास्त महत्त्वाचं आहे.

टीव्हीची गोष्ट याहून बिकट. दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 ला टीव्ही सुरू झाला. मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 ला. मधली तेरा वर्षं मुंबई नुसती ऐकत होती. वरळीचा तो उंच मनोरा उभा राहिला आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यातही तेच चित्र दिसायला लागलं. 'आमची माती आमची माणसं', 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'ज्ञानदीप', 'चिमणराव गुंड्याभाऊ', तबस्सुम यांचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन', आणि आठवडाभराचं भविष्य सांगणारी 'साप्ताहिकी'. सगळं कृष्णधवल.

स्मिता पाटील दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचायच्या हे आपल्याला ठाऊक आहे. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढे बसायच्या, हा किस्साही ठाऊक आहे. मी जिथं जिथं टीव्हीवर बोललो तिथं तो मला कोणीतरी ऐकवला आहे. आता मी विचारतो, त्या वाचत असलेल्या बातमीपत्राचा एक मिनिट तरी तुमच्यापैकी कोणी अलीकडे पाहिला आहे? हात वर करा. नाही ना. बातम्या थेट जायच्या, गेल्या की गेल्या. किस्सा उरतो, प्रक्षेपण जातं. आणि किस्सा उरल्यामुळे आपल्याला वाटत राहतं की सगळं उरलंय. साजरं करण्यातला धोका मला इथं दिसतो. वर्धापनदिन आला की आपण किस्से सांगतो, चार ज्येष्ठांना शाल-श्रीफळ देतो, आणि घरी जातो. शाल द्यावी, जरूर द्यावी. पण त्याच ज्येष्ठांसमोर एखादं जुनं मुद्रण लावून, "हा मागचा आवाज कोणाचा? हा स्टुडिओ कुठला? कॅमेऱ्यावर कोण होतं?" असं कोणी विचारत नाही. ते सांगू शकणारी माणसं दर वर्षी कमी होताहेत. निदान निवेदकांची नावं आपल्याला माहीत आहेत. ध्वनिमुद्रकांची, संकलकांची, नेपथ्य लावणाऱ्यांची नावं कोणी लिहून ठेवली?

किस्सा मूळ गोष्टीवर कसा बसतो, त्याचं शेजारच्या पुण्याचं उदाहरण देतो. पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झालं आणि 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीला, तिथून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमा लिहीत, सुधीर फडके चाल लावत, कार्यक्रमाची आखणी सीताकांत लाड यांची. बावन्न आठवड्यांची योजना होती, त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून छप्पन्न गीतं झाली. आता गंमत बघा. गीतरामायण म्हटलं की तुमच्या कानात बाबूजींचा आवाज येतो. पण रेडिओवर ते वेगवेगळ्या पात्रांसाठी वेगवेगळ्या गायकांनी गायलं होतं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, लता मंगेशकर, राम फाटक, मालती पांडे. पुढे ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्या निघाल्या त्या संपूर्ण बाबूजींच्या आवाजात, त्यांचे जाहीर कार्यक्रमही झाले, आणि तेच लोकांच्या मनात गीतरामायण झालं. बाबूजी थोरच, त्याबद्दल वाद नाही. पण 1955 मध्ये दर आठवड्याला लोक रेडिओला हार घालून जे ऐकत होते, ते हे नव्हतं. रेडिओची कृती एक, आणि बाजारात मिळालेली दुसरी. जी विकत मिळाली तिनं पहिलीला झाकून टाकलं.

मुंबईपुरतं बोलायचं तर असाच एक आवाज अमीन सयानींचा. मुंबईचा माणूस, कार्यक्रम मुंबईत मुद्रित व्हायचा, फिती विमानानं कोलंबोला जायच्या आणि रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' परत आपल्याकडे यायची, 1952 पासून. कारण काय, तर आपल्या मंत्र्यांना सिनेमाची गाणी रेडिओवर नको होती. आता ही गीतमाला कोणत्या शहराच्या वारशात धरायची? मी म्हणेन मुंबईच्या, आणि कोलंबोच्याही. त्याला उत्तर म्हणून आपली विविध भारती 3 ऑक्टोबर 1957 ला आली, आणि 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे आणि नागपूर इथं तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. त्या जाहिरातींची जिंगलं आजही लोकांच्या तोंडात आहेत. आई-आजोबांचं म्हणणं विसरलेली माणसं दंतमंजनाचं गाणं विसरत नाहीत. त्यांचाही संग्रह व्हायला हवा, हसू नका. आणि 2002 मध्ये मुंबईत खासगी एफएम आल्या, त्यातल्या 'विन' आणि 'गो' या नावांच्या वाहिन्या किती जणांना आठवतात? फार जुनी गोष्ट नाही, आणि नावंसुद्धा पुसली गेली.

मग करायचं काय? लंडनची एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याला उपयोगी आहे. बीबीसीनं 1960 च्या दशकातल्या आपल्या कार्यक्रमांच्या ढीगभर फिती पुसल्या. 'डॉक्टर हू' नावाची त्यांची लोकप्रिय मालिका आहे, तिचे कितीतरी भाग गेले. पण त्या गेलेल्या भागांचा नुसता आवाज मात्र मिळाला. कारण काही पोरांनी घरच्या टीव्हीपुढे माइक धरून तो भरून ठेवला होता. बीबीसीसारखी गब्बर संस्था पोरांच्या दारात गेली, आणि त्यात तिला कमीपणा वाटला नाही.

आपल्याकडे प्रसार भारतीनं जुन्या मुद्रणांचं डिजिटल रूपांतर सुरू केलेलं आहे, यूट्यूबवर जुने कार्यक्रम दिसतात, सह्याद्रीचेही. चांगलं काम आहे. पण जे तिथं नाहीच ते तिथून कसं निघणार? ते निघालं तर दादरच्या, ठाण्याच्या, डोंबिवलीच्या माळ्यांवरून निघेल. आईच्या कॅसेटसारख्या कॅसेटींतून. भाषणाला बोलावलेल्या वक्त्याकडे राहिलेल्या टंकलिखित प्रतीतून. आकाशवाणीच्या करारपत्रातून, ज्यात तारीख, वेळ आणि मानधन असतं. रेडिओच्या परवान्याच्या पुस्तिकेतून, ज्यात घरमालकाचं नाव, पत्ता आणि पोस्टाचे शिक्के असतात. परवाना पद्धत 1980 च्या दशकात गेली, तेव्हापासून त्या पुस्तिका कपाटाच्या तळाशी आहेत. कोणत्या चाळीत रेडिओ केव्हा आला हे त्यातून कळेल.

कोणी विचारेल, हक्कांचं काय? कायद्यानं प्रक्षेपणाच्या पुनरुत्पादनाचा हक्क 25 वर्षांचा आहे. पण लेखकाचा, संगीतकाराचा, गायकाचा हक्क वेगळा आणि त्याची मुदत जास्त. तेव्हा मिळालं की लगेच इंटरनेटवर टाकू नका. जपणं आणि वाटणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. पहिलं थांबू शकत नाही, दुसरं थांबलं तरी चालेल. फितीला बुरशी लागते, चिकटते, चुंबकीय थर झडतो. वाजवून बघण्याच्या उत्साहात ती तुटते. पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच नक्कल उतरवून घ्यायची तयारी ठेवा, कारण दुसऱ्यांदा ती वाजेलच असं नाही. आणि उतरवलेली फाइल आकसून लहान करू नका. जागा आता स्वस्त आहे.

पण माझ्या मते सगळ्यात तातडीचं काम यंत्राचं नाही, चिठ्ठीचं आहे. आवाज कोणाचा, केव्हाचा, कुठं भरला. मागे कुकरची शिटी कोणाच्या घरातली. ही चिठ्ठी नसलेलं मुद्रण म्हणजे मागे नावं न लिहिलेला लग्नाचा गट-फोटो. नातवाला त्यातलं कोणीच ओळखता येत नाही आणि तो टाकून देतो.

23 जुलै 2027 ला मुंबई केंद्राच्या उद्घाटनाला शंभर वर्षं होतील. समारंभ होतील, पोस्टाचं तिकीटही निघेल कदाचित. माझी सूचना साधी आहे. त्या दिवसापर्यंत प्रत्येकानं आपल्या घरातली एक वस्तू शोधायची: कॅसेट, कार्यक्रमपत्रिका, करारपत्र, परवाना, स्टुडिओतला फोटो, काहीही. आणि तिच्याबरोबर एक कागद, तिची माहिती असलेला. मूळ वस्तू तुमच्याकडेच राहू दे. आम्हाला नोंद हवी आहे.

मागच्या टेबलावर एक वही ठेवलेली आहे. जाताना नाव, फोन नंबर आणि घरात काय असण्याची शक्यता आहे ते लिहा. खात्री नसली तरी लिहा. जे घरी बसून हे वाचताहेत त्यांनी आपली स्वतःची वही घालावी. आणि कॅसेट सापडली तर काहीही करण्याआधी तिच्या मागचे ते दोन तुकडे मोडा.

आता प्रश्न घेऊया. तुम्ही मघापासून हात वर केलाय, बोला.